साडेचार वर्षांचा मुलगा एकदा बिथरला की आवरत नाही – अशा वेळी नेमकं करायचं काय?

मधली_सुट्टी

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे, मोठी बहीण आठची. एरवी गोड, बडबड्या, स्वतःशी गाणी रचत खेळणारा. पण मनाविरुद्ध काही झालं की बघता बघता सगळं पालटतं. परवाचंच सांगते. ठोकळ्यांचा मनोरा रचत होता, बहिणीचा पाय लागून तो पडला. तिने लगेच 'सॉरी' म्हटलं, पुन्हा रचून देते म्हणाली. तोवर याने भोकाड पसरलं होतं. ठोकळे भिंतीवर फेकले, एक तिच्या कपाळाला लागला. मी धरायला गेले तर मला लाथा, मग स्वतःच्याच मनगटाला चावला. अर्धा तास तरी चाललं असेल.

आधी मी समजावून सांगितलं की तिने मुद्दाम नाही पाडला. मग आमिष दाखवलं, शांत झालास तर टॅब देते. मग 'एवढा मोठा झालास, असं रडतात का?' आणि शेवटी मीच ओरडले, घसा बसेल इतक्या जोरात. तो गप्प झाला, पण शांत नव्हता झाला. घाबरला होता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

रात्री झोपताना माझ्या गालावर हात ठेवून म्हणाला, "आई, तुझा चेहरा परत आला का?"

त्यानंतर मला झोप लागली नाही.

घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो लक्षच द्यायचं नाही, आपोआप थांबेल. आईला वाटतं मी फार बोलते, उचलून घे आणि दे त्याला हवं ते, एवढंसं तर पोर आहे. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं काही सुचत नाही. 'मुलांचं ऐकून घ्या' असं सगळीकडे वाचते. पण जो किंचाळतोय त्याचं ऐकायचं तरी काय? आणि ऐकलं तर तो डोक्यावर बसणार नाही का?

दोन_मुलींचा_बाबा

आमच्या धाकटीला दुर्लक्षाचाच उपाय लागू पडला. ती जमिनीवर लोळायला लागली की आम्ही आपापल्या कामाला लागायचो. पहिला आठवडा भयंकर गेला, आधीपेक्षा दुप्पट ओरडायची. नंतर हळूहळू कमी झालं. मन घट्ट करा. एक दिवस दुर्लक्ष आणि दुसऱ्या दिवशी लाड, असं मात्र करू नका.

खडूफळा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी बावीस वर्षं तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवते आहे. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखंच करत होते: समजावणं, आमिष, मग आवाज चढवणं. याच क्रमाने.

माझं कधी बदललं ते आधी सांगते. वर्गातली एक पाच वर्षांची मुलगी चित्र काढत होती, खोडताना कागद फाटला. ती टेबलाखाली शिरली आणि किंचाळायला लागली. मी वाकून म्हणाले, "अगं, दुसरा कागद देते ना." ती आणखी जोरात किंचाळली. मी खरंच दुसरा कागद पुढे केला, तर तिने तो चुरगाळून फेकला. मला सुचेना, पाय दुखत होते, म्हणून मी टेबलाच्या पायाला टेकून खाली बसले. तिच्यासमोर नाही, जरा तिरकी. थोड्या वेळाने म्हणाले, "कागद फाटला." एवढंच. ती रडतच होती, पण किंचाळणं कमी झालं. मग आतून आवाज आला, "त्यात माझं घर होतं."

"घर होतं त्यात."

"खिडकीत मी होते."

"खिडकीत तू होतीस. आणि तिथेच फाटलं."

तेव्हा ती खरी रडली. मघाचं रडणं फेकून मारल्यासारखं होतं, हे आतून आलेलं. सरकत सरकत बाहेर आली आणि माझ्या गुडघ्याला टेकली. दोनेक मिनिटांनी तिनेच विचारलं, "टीचर, चिकटपट्टी आहे?"

मी कोरा कागद देत होते आणि तिचं दुःख खिडकीतल्या तिचं होतं. ते मला कळायला वाटच नव्हती, कारण मी बोलायची थांबतच नव्हते. 'किंचाळणाऱ्याचं ऐकायचं काय' असं तुम्ही विचारलंत, तर ते हे. तुमच्या मुलाच्या मनोऱ्यात काय होतं, ते त्याला कुणी विचारलं नसेल. विचारूही नका, त्या क्षणी 'का' आणि 'काय' यांची उत्तरं त्याच्याकडे नसतात. जे दिसलं ते सांगा: "मनोरा पडला. एवढा उंच केला होतास." आणि थांबा. चुकीचं बोललात तर तो दुरुस्त करेल, "उंच नव्हता, तो पूल होता!" अशी दुरुस्ती आली की समजा, दार किलकिलं झालं.

आपण तक्रार करतो, "मूल ऐकत नाही." म्हणजे सांगितलेलं करत नाही. आपल्या भाषेत ऐकण्याचा अर्थच आज्ञा पाळणं असा होऊन बसला आहे. म्हणून 'मुलाचं ऐका' म्हटलं की मोठ्यांना वाटतं, म्हणजे आता त्याची आज्ञा आपण पाळायची. तुमची डोक्यावर बसण्याची भीती मला वाटतं इथूनच येते. भावना ऐकून घेणं आणि मागणी मान्य करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. "टॅब बंद झाला, तुला अजून बघायचं होतं, फार राग आलाय" हे पूर्ण मनापासून म्हणायचं, आणि टॅब बंदच ठेवायचा. राग आला म्हणून टॅब पुन्हा सुरू केलात, तर मात्र त्याने किंचाळायलाच शिकावं. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं तर ती सवय सर्वांत चिवट होते. दोन_मुलींचा_बाबा यांचं शेवटचं वाक्य त्यासाठी लाखमोलाचं आहे.

पण दुर्लक्षाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. मूल तुमच्याकडे चोरून बघत, प्रेक्षक आहेत ना याची खात्री करत आदळआपट करत असेल, तर त्या *आदळआपटीकडे* दुर्लक्ष चालतं. आधी प्रकार वाढतो आणि मग उतरतो, तुम्ही म्हणता तसंच. पण स्वतःच्या मनगटाला चावणारं मूल नाटक करत नसतं. त्याचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो आणि तो परत आणायला त्याला दुसऱ्या माणसाचा शांतपणा उसना लागतो. स्वतःला आवरण्याचं काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतं, तो पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते. साडेचार वर्षांच्या मुलाकडून आपण ते एकट्याने करून दाखवायची अपेक्षा करतो.

प्रत्यक्ष त्या वेळी मी काय करते:

त्याच्या उंचीला येते, पण नजर रोखत नाही. हात उघडे, दिसतील असे. स्वतःचा श्वास सावकाश, लांबवत सोडते. त्याने मूल शांत होवो न होवो, माझा आवाज खाली येतो. मारायला हात उगारला तर मनगट अलगद धरते: "मारू देणार नाही. मी इथेच आहे." जोराने नाही, हलवून नाही. फेकण्यासारख्या वस्तू बाजूला सरकवते. दुसरं मूल जवळ असेल तर आधी त्याला सुरक्षित करते. तुमच्या लेकीच्या कपाळाला लागलं तेव्हा पहिली धाव तिच्याकडे हवी, हे भावालाही दिसू द्या. मग त्याच्याजवळ बसायचं. मिठी विचारून: "जवळ येऊ की इथेच बसू?" काही मुलांना त्या क्षणी स्पर्श अजिबात सहन होत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि शब्द कमी. खरंच कमी. उपदेश, 'बघ तिला किती लागलं', माफी मागायला लावणं, यातलं काहीही त्या वेळी आत पोचत नाही.

किती वेळ? हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या वेळी काळ फार लांबतो. 2003 मध्ये पोटेगल आणि डेव्हिडसन या अमेरिकी संशोधकांनी दीड ते पाच वर्षांच्या 335 मुलांच्या पालकांकडून अशा प्रसंगांची वर्णनं घेतली. चारातले तीन प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याआधी संपलेले होते. मला त्यातलं जास्त उपयोगी वाटलं ते वेगळंच: राग सुरुवातीलाच शिगेला जातो आणि उतरतो, दुःख मात्र शेवटपर्यंत रेंगाळतं आणि मूल जवळीक शोधू लागतं. म्हणजे किंचाळण्याचं मुसमुसणं झालं की समजायचं, आता त्याला आपण हवे आहोत. नेमक्या त्याच वेळी आपण 'झालं एकदाचं' म्हणून उठून जातो.

भावनेला नाव देण्याबद्दल: 2007 मध्ये लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या मेंदूवर प्रयोग केला. चेहऱ्यावरची भावना नुसती बघण्यापेक्षा तिला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या धोका ओळखणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. तो प्रयोग मुलांवरचा नव्हता, पण वर्गात मी जे बघते त्याच्याशी जुळतो. फक्त 'तुला राग आलाय' असं शिक्का मारल्यासारखं म्हणू नका. 'राग आलाय वाटतं' म्हणा, नाकारायला जागा ठेवा. अशा ऐकण्याला 'ॲक्टिव्ह लिसनिंग' हे नाव 1957 मध्ये कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी दिलं. रॉजर्स यांच्याकडे शिकलेल्या थॉमस गॉर्डन यांनी 1962 पासून ते पालकांना शिकवायला सुरुवात केली. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही, आजची फॅशन नाही. घरी कुणी तसं म्हणालं तर सांगा.

आता उरलेलं निम्मं काम, जे तो शांत असताना करायचं असतं. एक वही घ्या. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. शिवाय वेळ, घड्याळ बघून. 'हट्टीपणा केला' असं लिहू नका, 'बूट फेकला, दोनदा' असं लिहा. फ्लोरेन्स गुडइनफ यांनी 1931 मध्ये लहान मुलांच्या रागाचा अभ्यास केला तो आयांनी घरी ठेवलेल्या अशाच नोंदींवरून. जेवणाच्या आधी, थकल्यावर, आजारपणात राग जास्त येतो हे त्यात दिसलं होतं. आठ दिवस लिहा आणि इथे सांगा.

एक शेवटचं. तुम्ही ओरडलात त्याबद्दल त्याच्याशी बोला. "मी फार जोरात ओरडले, तू घाबरलास. ते माझं चुकलं." पण 'तू असं केलंस म्हणून' हे शेपूट त्याला जोडू नका. त्याने चेहऱ्याचं विचारलं म्हणजे त्याला तो परत हवा होता. तो कसा परत येतो, हे त्याला तुमच्याकडूनच कळेल.

मधली_सुट्टी

खडूफळा, वाचताना रडले. माफी मागितली त्याच रात्री. तो म्हणाला, "मला वाटलं तू तशीच राहशील."

वही लिहिली. नऊ दिवसांत अकरा प्रसंग. त्यातले सात संध्याकाळी, शाळेतून आल्यावर तासाभरात किंवा टॅब बंद करताना. बहिणीशी भांडणातून फक्त दोन, मी मात्र सगळं तिच्यामुळे होतं असं धरून चालले होते! आणि तिसरा रकाना बघून मीच गप्प झाले. अकरापैकी चार वेळा नंतर त्याला टॅब मिळाला आहे. दोनदा माझ्याकडून, दोनदा आईकडून. सर्वांत लांब प्रसंग नऊ मिनिटांचा. मी इथे अर्धा तास लिहिलं होतं, तेही चुकीचंच असणार.

पण मनगटाला चावणं दोनदा झालं. त्याची काळजी वाटते. कुणाला दाखवावं का?

खडूफळा

वही किती छान लिहिलीत! आता बघा, शाळेतून आल्यावर मूल रिकामं झालेलं असतं. दिवसभर रांगेत उभं राहिलेलं, वस्तू वाटून घेतलेल्या, मधेच रडू गिळलेलं. घर ही सांडायची जागा. त्या तासात प्रश्न नकोत, 'काय शिकलास' नको. वीस मिनिटं तुम्ही किंवा त्याचे बाबा नुसते जवळ.

टॅबसाठी 'पाच मिनिटं राहिली' याचा त्याला उपयोग नाही, पाच मिनिटं म्हणजे किती ते त्याला कळत नाही. 'हे संपलं की बंद' हे कळतं. बंद करायचं बटण त्यालाच दाबू द्या आणि पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं असू द्या. आईंना वही दाखवा, दोष देत नाही अशा सुरात. रकाना स्वतःच बोलतो.

चावण्याच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागेल, नुसतं 'चावू नको' पुरत नाही. उशी दाबणं, किंवा तुमचा हात घट्ट पकडणं, ज्याचा अर्थ 'मला मदत कर'. शांत असताना खेळातल्यासारखं रोज एकदा करून बघा: खोटाखोटा राग आणायचा आणि हात पकडायचा. त्याने खऱ्या रागात एकदा जरी पकडला तर लगेच, नेमकं सांगा: "हात धरलास, मला कळलं." 'शहाणं बाळ' यातून त्याला काहीच कळत नाही.

कुणाला दाखवावं का, हे माझ्यापेक्षा खालचे सभासद नीट सांगतील.

बोलके_शब्द

मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून उत्तर देते. 2008 मध्ये बेल्डेन आणि सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून काही खुणा सांगितल्या होत्या: स्वतःला इजा करणं, बहुतेक प्रसंगांत माणसांवर किंवा वस्तूंवर हल्ला, सरासरी पंचवीस मिनिटांपेक्षा लांब चालणं, फार वारंवार होणं, आणि स्वतःहून अजिबात शांत होता न येणं. तुमच्याकडे प्रसंगांची लांबी ठीक दिसते, पण नऊ दिवसांत अकरा हे वारंवारच आहे आणि स्वतःला चावणंही आहे, म्हणून बालरोगतज्ज्ञांना एकदा भेटाच. घाबरून नव्हे, आणि वही घेऊन जा. अशी नोंद हातात असली की तपासणाऱ्याचं काम फार सोपं होतं.

सोबत ऐकू नीट येतं ना, झोप पुरते ना, आणि वयाच्या मानाने बोलणं कसं आहे, हेही तपासून घ्या. माझ्याकडे येणारी कित्येक 'रागीट' मुलं ही शब्द न सापडणारी मुलं असतात. तुमचा बडबड्या आहे, तरी ऐकणं एकदा बघून घ्यावं.

दोन_मुलींचा_बाबा

खडूफळा, तुमचं वाचून धाकटीची आठवण झाली. ओरडणं थांबल्यावर ती एकटीच कोपऱ्यात मुसमुसत बसायची आणि आम्ही समजायचो, जिंकलो. ती आता सात वर्षांची आहे. काल विचारलं तिला, तेव्हा काय वाटायचं. म्हणाली, "तुम्ही कधी बघताय याची वाट बघायचे." मन घट्ट करा असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. टॅबबद्दलचं मात्र कायम.

मधली_सुट्टी

तीन आठवडे झाले. डॉक्टरांना भेटलो, कानही तपासले, ठीक आहेत. झोप कमी पडते असं निघालं, ती आता अर्धा तास आधी करतोय. चावणं या काळात एकदा झालं. आदळआपट अजून होते, आठवड्यात चार-पाच वेळा. नवराही आता जवळ बसतो. आई अजून कुरकुरते, पण टॅब देत नाही.

कालचं लिहिते. टॅब त्याने स्वतः बंद केला आणि लगेच चेहरा लाल झाला, मुठी आवळल्या. मी खाली बसले. मी काही म्हणायच्या आत त्याने माझी दोन बोटं घट्ट धरली, दुखेपर्यंत, आणि ओरडला, "तू बोलू नको! नुसती बस!"

बसले. तो रडला, बराच रडला, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला. बहीण येऊन ठोकळ्यांची पेटी जवळ ठेवून गेली, न बोलता. तो पडल्या पडल्या एक ठोकळा हातात घेऊन फिरवत होता.

वहीत कालचा वेळेचा रकाना कोरा आहे. घड्याळ बघायचं राहून गेलं.